शब्द एकटा हिंडत नाही

माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत एक गृहस्थ रोज संध्याकाळी पोरापोरींना पडायला शिकवायचे. खरोखर फरशीवर पडायला. 'फॉल इल' म्हटलं की एकानं कण्हत आडवं व्हायचं, 'फॉल अस्लीप' म्हटलं की दुसऱ्यानं घोरायचं. 'फॉल इन लव्ह'ला कुणीच पुढं यायचं नाही. मग सर स्वतःच भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली घसरायचे, जरा वेळ तसेच बसायचे आणि पँट झटकत उठून म्हणायचे, "इंग्रज माणूस सारखा पडतोय बघा. आजारी पडतोय, प्रेमात पडतोय, झोपेतबी पडतोय. आपलं तसं न्हाय. आपल्याला झोप लागती."

पुढच्या खोलीत माझी मशिनं खडखडत असायची. एखादं पोरगं धपकन पडलं की टायपिंगच्या मुली हसायच्या, बोटं चुकायची, आणि मी आत जाऊन सरांना दोन शब्द सुनवायची. ते ऐकून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी परत धपधप सुरू.

इन्स्टिट्यूट माझ्या वडलांची. मंगळवार पेठेत, एका सायकल दुकानाच्या माडीवर. वडील गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली. मी लग्न केलं नाही, ते का, हे इथं सांगायचं कारण नाही. नव्वदीच्या सुरवातीला कोल्हापुरात टायपिंगला चांगले दिवस होते, तरी मागची खोली संध्याकाळी रिकामी असायची. ती भाड्यानं मिळेल का विचारायला हे सर आले, आणि विचारायच्या आधी माझ्या पाटीकडं बोट करून म्हणाले, "बाई, हे 'डू बेस्ट एफर्ट्स' लिवलंय, ते हुईत न्हाय. एफर्ट्सला 'मेक' लागतंय."

वडलांनी रंगवून घेतलेली पाटी. मला असा राग आला म्हणता. मी म्हटलं, "तुम्हाला खोली पायजे का पाटी?" तर म्हणाले, "खोली पायजे. पण पाटी अशी ठेवून मी आत काय शिकवू?" महिन्याभरात मी पाटी रंगवून घेतली, आणि रंगाऱ्याला त्यांचं नाव न सांगता सांगितलं की एका शहाण्यानं चूक काढलीय.

त्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. "शब्द एकटा हिंडत न्हाय. त्याचं माणूस ठरलेलं असतंय. 'मिस्टेक' मेकच्या घरात नांदती, 'होमवर्क' डूच्या घरात. मेक आणि डू ह्या दोघी जावा. एका चुलीवर स्वैपाक करत न्हाईत." कुणी 'डू मिस्टेक' म्हणालं की ते रागवायचे नाहीत. कपाळाला हात लावून गप्प बसायचे, आणि ते बसणं इतकं लांबायचं की पोरगं बिचारं घामाघूम व्हायचं. 'पे अटेन्शन' शिकवताना म्हणायचे, "आपण लक्ष देतो. दिलं तर दिलं. इंग्रज लक्ष पे करतो. खिशातनं जातंय त्याच्या, म्हणून तो नीट बघतोय."

वर्गात वही-पेनाला बंदी. वहीत गेलेला शब्द वहीतच मरतो, असं त्यांचं मत. म्हणायचं ते करत म्हणायचं. त्यांच्या खाकी पिशवीत तांब्या, कुलूप, आरसा, घंटा असलं काहीबाही असायचं. पिशवीत न मावणारे शब्द आले की ते अख्खा वर्ग घेऊन बाहेर पडायचे. 'कॅच अ बस' आणि 'मिस अ बस' शिकवायला ते पोरांना एसटी स्टँडवर घेऊन गेले. निम्म्यांनी सुटणारी मलकापूर गाडी धावत पकडायची, उरलेल्यांनी चुकवायची, असा बेत. पकडणाऱ्यांनी पुढच्या वळणावर उतरायचं ठरलं होतं, पण कंडक्टरनं दोनदा घंटी मारली ती मारलीच. एक मुरगूडची मुलगी केर्लीला उतरून, रडत, दुसऱ्या गाडीनं परत आली. संध्याकाळी तिचा भाऊ माझ्या दारात उभा. त्याची समजूत मी काढली. सर आतून म्हणत होते, "आता ती 'कॅच' जन्मात इसरणार न्हाय की."

'पे अ व्हिजिट'चं तर ऐका. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे अंथरुणाला खिळून होते. मुलगा-सून कामावर, दिवसभर घरात माणूस नाही. सरांनी प्रत्येक नवी बॅच त्यांच्याकडं न्यायची रीत पाडली. आत जायचं, बसायचं, तब्येत विचारायची, पाणी पाजायचं, निघायचं. म्हाताऱ्यांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण नवी बॅच कधी सुरू होते ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं, त्या दिवशी ते टोपी घालून पडून राहायचे. ते वारले तेव्हा सरांनी पोरांना रक्षाविसर्जनाला नेलं. 'पे रिस्पेक्ट्स' तेवढं राहिलं होतं. नदीवर एवढी तरणी पोरं बघून म्हाताऱ्यांचा मुलगा गोंधळला. मला बाजूला घेऊन विचारतो, "ही कुठली पावणं हो?" मी म्हटलं, "तुझ्या वडलांकडं येणारी हायत." मला त्या दिवशी सर फार मोठे वाटले.

आणि तरी सांगते, त्यांच्याबरोबर राहणं सोपं नसणार हे मला तेव्हाच कळत होतं. चहा घेताना तुम्ही काही बोलत असलात की त्यांचा कान तुमच्या सुखदुःखाकडं नसायचाच. कुठल्या शब्दाला कुठला शब्द लावला तेवढंच टिपत बसायचे. माझी थोरली बहीण गेली ते सांगताना मी मराठीतच काही चुकीचं बोलले, तर त्यांनी ते दुरुस्त केलं. मी कप तसाच ठेवून उठले. त्यांना कळलंसुद्धा नाही का ते.

घरी ते आणि वहिनी, दोघंच. पोरबाळ नव्हतं. सरांचं घराणं व्यापारी, लिंगायत, भावांची लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी. हे एकटेच शिकून मास्तर झाले, एका हायस्कुलात काही वर्षं काढली, पाठ्यपुस्तकातल्या चुकांवरून हेडमास्तरांशी भांडले आणि राजीनामा देऊन आले. वहिनी गडहिंग्लजच्या पलीकडच्या, सीमेच्या अंगाच्या एका खेड्यातल्या. माहेरी सगळं कानडी. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठी मोडकंतोडकं. सरांनी हे मला गंमत म्हणून सांगितलेलं. नवी नवरी सकाळी सासूला म्हणाली, "मी झोप केली." सगळं घर हसलं. सणावाराला, पाव्हण्यारावळ्यांत वर्षानुवर्षं तो किस्सा निघायचा. "मग मीच बसवून शिकवलं," सर म्हणाले. "झोप लागली म्हणायचं, आंघोळ केली म्हणायचं, भूक लागली, जेवण झालं. तवापास्नं एक शब्द चुकली न्हाय. तोलून बोलती."

मी पुष्कळदा त्यांच्या घरी गेले. तोलून बोलती म्हणजे काय ते बघितलं. "बसा." "चहा करतो." "येत जावा." एवढंच. आमच्याकडच्या बायका 'करतो, जातो'च म्हणतात, त्यात नवल नव्हतं. पण वहिनी बोलायच्या आधी क्षणभर थांबायच्या आणि सरांच्या तोंडाकडं बघायच्या. ते बघणं मला आवडायचं नाही. बोलले मात्र नाही, परक्याच्या संसारात आपण किती तोंड घालायचं.

वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला तो भर संध्याकाळी. त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन माझ्याकडं आला. मी मागच्या खोलीत गेले तेव्हा सर आरसा धरून उभे होते. मी म्हटलं, "सर, वहिनी न्हाणीत पडल्या. दवाखान्यात न्हेलंय." त्यांनी आरसा पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड नीट बांधलं, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आले, कारण पायात चप्पल नव्हती.

जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला, पाय पुढं थोडा सुधारला. वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, येईल, धीर धरा, रोज बोलायला लावा. आणि एक सांगितलं, त्यांच्यासमोर सगळ्यांनी एकाच भाषेत बोला, उगीच गोंधळ नको. घरात कुठली भाषा आहे, त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मराठी.

खोटं नव्हतं ते. मीही तिथंच उभी होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तीस-पस्तीस वर्षं कोल्हापुरात नांदलेली बाई, घरात दुसरं कोण कानडी बोलणार?

त्या दिवसापासून सरांना एकच ध्यास लागला. वहिनींचं बोलणं परत आणायचं. क्लास संध्याकाळचा एकच ठेवला, बाकी सगळा दिवस घरी. खाकी पिशवी आता घरी उघडायची. सकाळी वहिनींना उशीला टेकवून बसवायचं, समोर तांब्या धरायचा आणि म्हणायचं, "पाणी?" मग थांबायचं. त्यांनी 'दे' किंवा 'पी' म्हणावं म्हणून. मग कंगवा. "केस?" मग दिवा. "दिवा?" पोरांना जे इंग्रजी शिकवायचं तेच आता मराठीत, नाव त्यांनी सांगायचं आणि क्रिया वहिनींनी जोडायची. वहिनी तांब्याकडं बघायच्या, मग खिडकीकडं. कधी घशातून आवाज यायचा, त्याचा शब्द व्हायचा नाही. सर चिडायचे नाहीत, हेही सांगायला पाहिजे. परत तांब्या, परत "पाणी?" एखाद्या आईनं करावं तसं सगळं करायचे हो, न्हाऊ घालायचे, भरवायचे, वेणीसुद्धा घालायला शिकले. फक्त घास पुढं करताना म्हणायचे, "घास?" आणि हात मध्येच थांबायचा. उत्तर नाही आलं की भरवायचे, नाही असं नाही. पण तो थांबलेला हात मी बघितलाय, आणि घासाकडं बघणारी ती बाईही बघितलीय.

वहिनींची धाकटी बहीण माहेरगावातच दिलेली होती. वहिनी तिला तंगी म्हणायच्या, कानडीत धाकटी बहीण म्हणजे तंगी. तिला आम्हीही सगळे तंगीच म्हणू लागलो. बोलकी, हसरी, हातात घेतलं ते काम उरकणारी. ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची. पहिल्याच खेपेला दारातनं कानडीत काही म्हणत, रडत आत आली, तर सरांनी तिला थांबवलं. "डॉक्टरांनी सांगितलंय. हिच्यासमोर मराठीच. एक जरी शब्द मध्ये आला तर सगळी घडी इस्कटती." तंगीला दाजी म्हणजे देव. तिनं डोळे पुसले आणि मोजूनमापून मराठीत विचारलं, "अक्का, बरं हाय?" अक्का तिच्या तोंडाकडं बघत राहिली. हा नियम वर्ष-दीड वर्ष चालला. तंगी यायची, स्वैपाक करून ठेवायची, बहिणीचे पाय चेपायची, आणि दोघी बहिणी मुक्यानं बसायच्या.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. एका संध्याकाळी सर क्लासला गेलेले, टायपिंगच्या बॅचला मी सुट्टी दिली होती, म्हणून वहिनींना भाकरी-पिठलं घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत तंगी वहिनींच्या डोक्याला तेल लावत होती आणि कानडीत बोलत होती. मुद्दाम नव्हे. हात तेलात, लक्ष केसांत, तोंडातून आपलं आपण चाललेलं, शेजारणीचं, म्हशीचं, कुणाच्या तरी लग्नाचं असावं. मी दारातच थांबले. आणि वहिनी बोलल्या. जड, घोगरं, एका अंगानं ओढलेलं, पण बोलणं. "तंगी, नीर कोड."

मला कानडी येत नाही. पण नीर म्हणजे पाणी एवढं कोल्हापुरात कुणालाही कळतं. पाणी दे. जे दीड वर्ष तांब्या पुढं धरून मिळालं नव्हतं, ते.

तंगीच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. तिनं पाणी दिलं. मग वहिनी आणखी काही बोलल्या, मग आणखी. अडखळत, शब्द शोधत, पण थांबत नव्हत्या. तंगी हसत होती, रडत होती, आणि मी दिसल्यावर एकदम घाबरली. "बाई, दाजींना सांगू नगा. मी नेम मोडला."

मला तेव्हा असा संताप आला, कुणाचा ते मलाच कळेना. मी म्हटलं, "सांगणार. आत्ता सांगणार."

सर आले. मी दारातच म्हटलं, "सर, वहिनी बोलतात. कानडीत बोलतात." ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग आत गेले, पलंगाशी बसले. तंगीनं भीत भीत कानडीत काही विचारलं, वहिनींनी उत्तर दिलं. सर एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. मग तंगीला विचारलं, "काय म्हणाली?" आपल्या बायकोच्या बोलण्याचा अर्थ मेव्हणीला विचारायचा त्यांचा तो पहिला प्रसंग.

मला पोचवायला जिना उतरताना म्हणाले, "मी भाषेचा मास्तर. डॉक्टरनं विचारलं, घरात भाषा कुठली. मी माझी सांगितली."

काही दिवसांनी तंगीनं विचारलं, अक्काला गावी नेऊ का, चार माणसांत बोलेल, सुधारेल. सरांनी नाही म्हटलं नाही. वहिनी गेल्या. घर रिकामं झालं तसे सर रविवारची वाट बघायला लागले. रविवारी पहाटेची गडहिंग्लज एसटी, तिथून वडापची जीप, आणि संध्याकाळी परत. सोमवारी क्लासच्या आधी माझ्याकडं चहा घेताना सगळं सांगायचे. तिथं वहिनी अंगणात बसतात. शेजारच्या बायका जमतात. बोलतात म्हणजे काय, थांबत नाहीत. हसतातसुद्धा. सगळं कानडीत. सर मध्ये पाव्हण्यासारखे बसतात, आणि कुणी हसलं की तंगीला विचारतात, "काय म्हणाली?" तंगी सांगते, "काय न्हाय दाजी, असंच, म्हशीचं." एवढ्या लांबलचक बोलण्यात नुसती म्हैस कशी असेल, हे त्यांनाही कळत होतं.

पण आशा सुटत नाही माणसाची. त्यांनी हिशेब असा मांडला की वाचा आलीय, आता मराठी मागनं येईल. म्हणून खाकी पिशवी रविवारी बरोबर जायची. अंगणात बसल्याबरोबर तांब्या निघायचा. "पाणी?" कंगवा निघायचा. "केस?" मी म्हटलं, "सर, आता कशाला? बोलतात त्या." तर म्हणाले, "माझ्याशी कुठं बोलती?"



मग एका सोमवारी आले ते खुशीत. म्हणाले, "बाई, आता माझं इचारती. मी शिकवाय बसलो की थोड्या वेळानं तंगीकडं बघून म्हणती काहीतरी. आणि तंगी म्हणती, दाजी, अक्का चहा घ्या म्हणतीय." तंगी चहा आणायची. सर पिशवी बाजूला ठेवून चहा घ्यायचे. कप संपला की परत तांब्या, परत "पाणी?", आणि परत वहिनी तेच वाक्य बोलायच्या. परत चहा. "पाच-पाच, सहा-सहा कप हुत्यात. तिला वाटतंय मी उपाशी आलोय. न्हाय कसं म्हणू, इतक्या दिसांनी काय तर मागंपुढं बघती माझं." इतके आनंदलेले सर मी त्याआधी बघितले नव्हते, नंतरही नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन प्यायचे तो चहा.

दुसरा झटका वहिनींना तिथंच आला, त्यात त्या गेल्या. माहेरच्या मातीतच समाधी दिली. मी गेले होते. सर कोपऱ्यात उभे होते आणि सगळी बायामाणसं कानडीत रडत होती. लोक त्यांच्याजवळ येऊन काही म्हणायचे, ते मान हलवायचे. काय म्हणतात ते त्यांना कळत नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी खोलीची किल्ली आणून दिली. क्लास बंद. मी कारण विचारलं नाही, मला वाटलं दुःखातून माणूस उठला की येईल. वर्ष गेलं. टायपिंगचा बाजार तोवर उठला होता, मशिनं मी भंगारात घातली, उरलेल्या जागेत कॉम्प्युटर मांडले. येणारं प्रत्येक पोर विचारायचं, स्पोकन इंग्लिश आहे का. पुण्याला जायचं असायचं प्रत्येकाला. मी ठरवलं, सरांना परत आणायचं. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही, माझाही जीव त्या धपधपीशिवाय रमत नव्हता.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते जमिनीवर बसून मोठ्यानं वाचत होते. पुढ्यात कानडी पहिलीचं पुस्तक, मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं. निपाणीहून आणलं म्हणाले. मला बसवलं, स्वतः चहा करून आणला, एकच कप.

"तुमचा?"

"मी सोडला."

मी म्हटलं, "सर, आता कानडी शिकून काय करायचं? कुणाशी बोलायचं?"

"बोलाय न्हाय," ते म्हणाले. "तिथं अंगणात ती जे बोलली ते सगळं कानात हाय माझ्या. अर्थ न्हाय नुसता लागलेला. तो लावतोय." मग जरा हसून म्हणाले, "सोपी भाषा हो. ऊटा माडू, जळका माडू, निद्दी माडू. जेवण बी करायचं, आंघोळ बी करायची, झोप बी करायची. सगळ्याला एकच 'करणं'. बरोबरच बोलली हुती की ती."

मी मुद्द्यावर आले. पोरं किती विचारतात ते सांगितलं, खोली रंगवून ठेवलीय म्हटलं. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी पुस्तक माझ्याकडं फिरवलं. पानावर फळ्यापाशी उभ्या मास्तरांचं चित्र, खाली एक ओळ.

"ह्याचा अर्थ, गुरुजी शिकवतात. गेल्या महिन्यात ह्या पानावर आलो." मग त्यांनी डोळे मिटले आणि कानडीत एक वाक्य म्हटलं. त्यांच्या तोंडातून वहिनींचाच आवाज आल्यासारखा, जड, एका अंगानं ओढलेला. "साक. इन्न कलसब्याडंत हेळ अवरिगि."

"काय ते?" मी विचारलं.

"हेच म्हणायची ती, तंगीकडं बघून. दर रविवारी. पुरं झालं, आता शिकवू नका म्हणावं ह्यांना."

माझ्या हातात कप तसाच राहिला. तंगीनं चहा का आणला असेल तेही तेव्हाच कळलं. चहा पुढं आला की तांब्या खाली जायचा, तेवढा वेळ बहिणीला सुटका.

"तंगीला कळू देऊ नगासा, मला कळलं ते," सर म्हणाले. "तिनं दोघांचं बी राखलं. ती शिकवणं बंद करा म्हणत हुती आणि मी आपला चहा पीत बसलो."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, डॉक्टरचा, सगळ्याचा. तरी मी माझं घोडं दामटलं. "सर, आजारी माणूस. त्या वेळेपुरतं म्हणाल्या असतील. वैतागून. ते पोरांच्या क्लासला कशाला लावायचं?"

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"बाई, सगळ्या संसारात तिनं मला सांगितलेलं एवढं एकच हाय," ते म्हणाले. "एवढं तर ऐकू द्या की मला."